रटर गाताना: इंग्लंडमधल्या कॉयरमध्ये पहिल्यांदा उभं राहणाऱ्या मराठी माणसासाठी

"नोटेशन वाचता येतं का?" या प्रश्नाला मी बेधडक "हो" म्हणाले आणि पुढचे तीन महिने त्याची फेड करत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे भातखंडे लिपी होती. विचारणाऱ्या कॉयरमधल्या बाईंच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य संगीताचा पाच रेघांचा कागद होता. सांगलीत आठ वर्षं गाणं शिकले होते, परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे इथल्या गावातल्या हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, गाणं म्हणजे काय मोठंसं, असंच वाटलं होतं. त्या हंगामात बसवत होते इंग्लिश संगीतकार जॉन रटर यांचं 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची रचना. घरी एकदा ऐकलं, गोड वाटलं, दोन वेळा ऐकून चाल गुणगुणता आली. म्हटलं, झालं की!

तिथेच फसले. रटर ऐकायला सोपा आहे. तुमच्या वाट्याला मात्र चाल येत नाही, चालीखालचा सूर येतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी हा माणूस कोण ते जाणून घ्या

रटर यांचा जन्म २४ सप्टेंबर १९४५चा, लंडनचा. मॅरिलबोन रोडवरच्या एका पबच्या वरच्या मजल्यावर ते लहानाचे मोठे झाले. हायगेट शाळेत शिकले. जॉन टॅव्हनर त्याच शाळेतले. पुढे दोघंही नामवंत संगीतकार झाले. १९६३मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी स्वतः आपल्या 'वॉर रेक्विएम'चं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, त्यात हायगेटच्या मुलांचा कॉयर होता आणि त्यात रटर गायले होते. म्हणजे रचना करण्याच्या आधीपासून हा माणूस रांगेत उभा राहून गाणारा आहे. गाताना हे ध्यानात येतं: श्वास कुठे लागेल, घसा कुठे दमेल, हे त्यांना ठाऊक असतं.

पुढे ते केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात गेले. विद्यार्थी असतानाच त्यांची कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, डेव्हिड विलकॉक्स यांच्या नजरेत भरली. विलकॉक्स तेव्हा किंग्ज कॉलेजच्या कॉयरचे प्रमुख. त्यांच्यामुळे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने रटर यांना छापायला घेतलं, आणि आजही त्यांची पुस्तकं तिथूनच निघतात. १९७५ ते ७९ रटर क्लेअर कॉलेजचे संगीत दिग्दर्शक होते. १९८१मध्ये त्यांनी 'केंब्रिज सिंगर्स' हा स्वतःचा कॉयर काढला, तो मुख्यतः ध्वनिमुद्रणासाठी. त्यांच्या मोठ्या रचनांत 'ग्लोरिया' १९७४चं, 'रेक्विएम' १९८५चं, 'मॅग्निफिकॅट' १९९०चं. २०११च्या राजघराण्यातल्या लग्नासाठी त्यांनी नवी रचना केली. २०२४मध्ये नाइटहूड मिळालं, तेव्हा आता 'सर जॉन'.

इथल्या जाणकारांत रटर म्हटलं की नाक मुरडणारेही भेटतील. फार गोड, फार सुबक, दिवाणखान्यातलं संगीत, असं म्हणतात. मला त्यात थोडं तथ्य वाटतं. काही कॅरल्स खरोखरच साखरेच्या पाकातली आहेत. पण 'रेक्विएम'मधलं 'आन्यूस देई' गाऊन झाल्यावर असं बोलणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे.

धर्माची शंका असेल तर तीही इथेच. आपण हिंदू, चर्चमध्ये उभं राहून लॅटिन प्रार्थना कशी गायची, असं मला आईने फोनवर विचारलं होतं. कॉयरमध्ये कुणी विचारत नाही. आमच्या ओळीत एक निरीश्वरवादी गणितशिक्षिका होत्या. आणि गंमत म्हणजे रटर स्वतःही आपण फारसे धार्मिक नाही असं सांगतात.

२. कॉयर निवडणं

'कोरल सोसायटी' नाव असलेला हौशी कॉयर बहुतेक गावांत असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन-अडीच तास, चर्चच्या हॉलमध्ये. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. नाताळ, ईस्टर आणि उन्हाळा असे तीन कार्यक्रम धरून चालतात. काही ठिकाणी आवाजाची चाचणी असते, पुष्कळ ठिकाणी नसते. चाचणी नसलेल्यातच आधी जा. पहिले दोन-तीन आठवडे बहुधा फुकट बसू देतात, मग वर्गणी.

चर्चचा स्वतःचा कॉयर ही वेगळी गोष्ट. तिथे दर रविवारी उपासनेत गावं लागतं आणि समोर आलेला कागद वाचत लगेच गाता यावं अशी अपेक्षा असते. नवख्याने तिकडे जाऊ नये.

एका दिवसाची 'कम अँड सिंग' शिबिरंही असतात: सकाळी अनोळखी लोक जमतात, दिवसभर एखादी रचना बसवतात, संध्याकाळी म्हणून दाखवतात आणि घरी जातात. रटर स्वतः अशी शिबिरं वर्षानुवर्षं घेत आले आहेत. कॉयरमध्ये नाव घालण्याआधी असं एखादं करून बघा. चुकलात तरी पुन्हा कुणाचं तोंड बघायचं नसतं.

३. काय काय लागेल

– 'व्होकल स्कोअर', म्हणजे गायकांच्या चारही ओळी आणि खाली पियानो असलेलं पुस्तक. कॉयर ते भाड्याने आणतो किंवा लायब्ररीतून. विकत घ्यायचं तर आवृत्ती तीच आहे ना हे विचारून घ्या, नाहीतर "पान ३२" म्हटल्यावर तुम्ही भलतीकडे असाल.
– २बी पेन्सिल आणि खोडरबर. पेन नाही. मी पहिल्या दिवशी पेन काढलं तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात अक्षरशः धरला.
– काळी फाइल. कार्यक्रमात सगळ्यांच्या हातात सारखी दिसते.
– काळे कपडे, काळे बूट. काळी साडी चालते का, असं मी विचारलं; चालली. पण चर्चमध्ये पायऱ्यांच्या फळ्यांवर उभं राहायचं असतं, तेव्हा पदर आणि निऱ्या सांभाळणार असाल तरच.
– पाण्याची बाटली.
– फोनवर रेकॉर्डर. फक्त स्वतःच्या सरावासाठी, आणि आधी विचारून.

कागदपत्रं फारशी नसतात: नावपत्त्याचा फॉर्म, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचा नंबर, फोटोला संमती. कॉयर धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेला असेल तर गिफ्ट एडचा फॉर्मही पुढे करतात. इथे पुरेसा आयकर भरत असाल तर सही करा. तुमच्या प्रत्येक पौंडामागे त्यांना सरकारकडून २५ पेन्स मिळतात आणि तुमचं काही जात नाही.

एक सापळा: झेरॉक्स. आपल्याकडे क्लासमध्ये वही फिरायची, त्याची सवय असते. रटर हयात आहेत, रचना कॉपीराइटच्या हक्काखाली आहेत, आणि स्कोअरची फोटोकॉपी काढणं इथे बेकायदा तर आहेच, शिवाय चारचौघांत मान खाली घालायला लावणारं आहे.

४. तुमचा आवाज कुठे बसतो

बायकांत वरचा तो सोप्रानो, खालचा अल्टो. पुरुषांत वरचा टेनर, खालचा बास. आपल्याकडे खर्जात रियाज केलेल्या बायकांना बहुधा अल्टो मिळतो. टेनर सगळीकडे कमी असतात. तुम्ही पुरुष असाल आणि वर जरा जात असाल तर दारातच धरतील.

५. कागद वाचायला शिका, आपल्या पद्धतीने

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना सोल्फेजो (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे तिकडच्या कित्येक घरांत ही लिपी आजोबांपासून आलेली असते. आमच्या ऑफिसातला मडगावचा एक सहकारी माझा स्कोअर हातात घेऊन पेपर वाचावा तसा गायला लागला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आपल्या घरात ते नव्हतं. पण आपल्याकडे सरगम आहे, आणि ती पुरते.

पाच रेघांच्या सुरुवातीला शार्पची (सूर अर्धी पायरी चढा) किंवा फ्लॅटची (अर्धी पायरी उतरा) चिन्हं असतात. त्यावरून सा कुठे ते काढायचा. शार्प असतील तर सगळ्यात उजवीकडचा शार्प म्हणजे तुमचा नी; त्याच्या लगेच वरचा सा. फ्लॅट असतील तर सगळ्यात उजवीकडचा फ्लॅट म्हणजे म. तिथून खाली मोजत या. एकच शार्प असेल तर सा जी या सुरावर, म्हणजे बायकांच्या ओळींत खालून दुसऱ्या रेघेवर. चिन्हच नसेल तर सा सी या सुरावर. हे सगळं मेजरचं, म्हणजे आपल्या बिलावल थाटासारख्या सप्तकाचं. मायनर असेल तर त्याच सप्तकातल्या धवर नवा सा मांडा. मूर्च्छना शिकला असाल तर यात नवीन काही नाही.

मग पेन्सिलीने तुमच्या ओळीखाली सरगम लिहा. पहिल्या चार पानांना मला एक रविवार लागला. शेवटच्या चार पानांना अर्धा तास.

दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. एक, सा मध्येच सरकतो. रटर यांना एका सुरावटीतून दुसरीत अलगद नेऊन ठेवायची फार हौस. कानाला ते छान लागतं, पण तुम्ही जुन्याच साला धरून राहिलात तर दोन ओळींत बुडालात. जिथे सरकतो तिथे गोल करून "नवा सा" लिहा. दुसरं, तानपुरा नाही. षड्ज मागे सतत वाजत नसतो, तो मनात धरावा लागतो. पियानोचा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो, हेही जाणवेल. पेटीवाल्यांशी भांडणाऱ्या गुरुजींची आठवण येईल. साथ वाजत असेल तर साथीबरोबर जा. नुसते आवाज असतील तर गंधार आपोआप खाली येतो, आणि तेव्हा कान थंड होतात.

मात्रांचं म्हणाल तर, 'क्रॉचेट' ही बहुधा एक मात्रा, 'मिनिम' दोन, 'सेमिब्रीव्ह' चार, 'क्वेव्हर' अर्धी. 'रेक्विएम'मध्ये फार त्रास नाही. 'ग्लोरिया'त मात्रांचे गट सारखे बदलतात. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

आणि मौनाच्या मात्रा मोजा. तिसऱ्या आठवड्यात 'लूचेआत एईस' या लॅटिन शब्दांवर सगळे थांबले आणि मी थांबले नाही. ख्यालात एखादा सूर लागला की आपण त्यावर जरा टेकतो, तशी मी टेकले. साठ माणसं गप्प आणि त्या उंच छताखाली माझा एकटीचा पंचम. दिग्दर्शकांनी हात खाली घेतला, सूर संपेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "सुंदर. पण तिथे काही लिहिलेलं नाही." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन त्या जागी एवढी मोठी फुली मारली की कागद फाटायचा राहिला.

६. सोप्रानोच्या मागे जाऊ नका

चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे. ती तुम्ही घरी ऐकून पाठ केलेली असते, म्हणून तोंडात तीच येते. अल्टोचं आयुष्य म्हणजे पुष्कळदा एकाच पंचमावर सहा मात्रा बसून राहणं, मग अर्ध्या पायरीने खाली उतरणं. कंटाळवाणं वाटतं. पण ती अर्धी पायरी चुकली की वरची सगळी चाल फिकी पडते, हे एकदा सोप्रानोंच्या शेजारी उभं राहून ऐका.

काय करायचं: घरी आधी आपली ओळ एकटीच म्हणा, शब्दांशिवाय, सरगममध्ये. मग ती म्हणत असताना फोनवर पूर्ण रचना लावा, आधी हळू आवाजात, मग मोठ्याने. प्रत्येक आवाजाचे वेगळे सरावाचे ट्रॅक विकत मिळतात. घ्या, पण कागदाऐवजी नको. ट्रॅकवर पाठ केलेलं गाणं, दिग्दर्शकाने वेग बदलला की कोसळतं.

सरावाला एखाद्या जुन्या, पक्क्या अल्टोच्या शेजारी बसा. मला निवृत्त नर्स बाई मिळाल्या. त्या बोलत काहीच नसत. माझा सूर घसरला की माझ्या स्कोअरवर त्या ठिकाणी आपल्या पेन्सिलीचं मागचं टोक ठेवत, आणि मध्यंतरात चहाबरोबर एक बिस्किट जास्त देत.

७. मींड घरी ठेवा, उच्चार मात्र आपले आणा

एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं इथे दोष. दिग्दर्शक त्याला खरवडणं म्हणतात. कणस्वरही नको. सूर थेट, मधोमध लागला पाहिजे. आठ वर्षांची सवय आठ आठवड्यांत जात नाही. मी अजूनही 'पिए येसू'च्या मागच्या साथीत सापडते.

पण लॅटिनच्या बाबतीत आपण जन्मतःच पुढे आहोत, हे मला फार उशिरा कळलं. इंग्लंडमधले बहुतेक कॉयर इटालियन वळणाचं लॅटिन गातात, आणि त्यातले स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या अगदी जवळ. इथल्या लोकांचा ए 'एइ' होतो, ओ 'ओउ' होतो, आणि दिग्दर्शक दर आठवड्याला त्यांच्यामागे लागतात. त दंत्य हवा असतो, तो त्यांना जमत नाही. आपल्याला ट आणि त वेगळे करायला पहिलीतच शिकवलेलं असतं. तेव्हा सरळ देवनागरीत वर लिहून घ्या: 'लुक्स पेर्पेतुआ लूचेआत एईस', 'आन्यूस देई क्वी तोल्लिस', 'प्लेनी सुंत चेली'. एका सरावात माझ्या स्कोअरमधलं हे देवनागरी बघून दिग्दर्शकांनी मला एकटीला 'पेर्पेतुआ' म्हणायला लावलं आणि सगळ्यांना "असं" म्हणाले. त्या पंचमाची भरपाई झाली.

शेवटचं व्यंजन कुठे तोडायचं तेही ठरलेलं असतं. 'लूचेआत'चा त तिसऱ्या मात्रेवर की चौथ्या, ते दिग्दर्शक सांगतात, तुम्ही लिहून घ्यायचं. साठ जणांचे साठ त वेगवेगळ्या वेळी पडले तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं.

८. 'रेक्विएम'चा नकाशा

वडिलांच्या मृत्यूनंतर रटर यांनी हे लिहिलं आणि त्यांच्याच स्मृतीला वाहिलं. त्याच सुमारास ते फ्रेंच संगीतकार फोरे यांच्या 'रेक्विएम'च्या हस्तलिखितावर काम करत होते. फोरे यांचं छोटेखानी, शांत रूप त्यांना भावलं, आणि ते इथे दिसतं. चर्चच्या पारंपरिक मृतांच्या प्रार्थनेतला प्रलयकाळाचा, कोपाचा भाग यात नाही. साधारण चाळीस मिनिटांची रचना. पूर्ण वाद्यवृंद नसला तरी बासरी, ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं), हार्प (तारांचं वाद्य), टिंपनी (नगारे), ग्लॉकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि ऑर्गन एवढ्यावर उभी राहते, म्हणून छोट्या गावांतले कॉयरही ती बसवतात.

सात भाग आहेत आणि मांडणी कमानीसारखी. पहिला आणि सातवा, दोन्ही टोकांना, साऱ्यांसाठीची प्रार्थना. सातव्यात पहिल्याची चाल परत येते, म्हणजे पाठांतर थोडं वाचतं. दुसरा आणि सहावा ही बायबलमधली इंग्रजी स्तोत्रं, १३०वं आणि २३वं. मराठी बायबलमध्ये ती 'स्तोत्रसंहिता' या भागात आहेत; सराव सुरू करण्याआधी मराठीतून वाचा. १३०वं वाचताना करुणाष्टकं आठवतात, मग ते कुठल्या आवाजात म्हणायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या भागात चेलो एकटाच रडतो, सहाव्यात ओबो मेंढपाळाच्या पाव्यासारखा वाजतो. तिसरा 'पिए येसू' सोप्रानो एकलगायिकेचा. तुम्ही मागे हळू. मधला चौथा, 'सांक्तुस', घंटांसारखा लखलखीत आणि छोटा.

पाचवा 'आन्यूस देई'. टिंपनी पावलांसारखी पडत राहते, लॅटिन प्रार्थनेच्या मध्ये इंग्लिश दफनविधीतली वाक्यं येतात, माणूस फुलासारखा उगवतो आणि तोडला जातो अशी, आणि आवाज चढत चढत जातो. इथे दोन सापळे. चढताना नवखे सगळा श्वास आधीच संपवतात. पहिल्या मोठ्या जागेवर साठ टक्केच द्या. आणि भावना अनावर झाली तर गाऊ नका, नुसतं तोंड हलवा. माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. सरावात एकदा मला पुढे गाता आलं नाही, तेव्हा हे नर्स बाईंनीच सांगितलं.

९. कार्यक्रमाचा दिवस

दुपारी पूर्ण तालीम असते आणि वाद्यं तेव्हाच पहिल्यांदा भेटतात. इतके दिवस पियानोवर ऐकलेली खूण अचानक हार्पमध्ये गेलेली असते आणि तुम्हाला तुमचा सूर कुठून घ्यायचा ते कळत नाही. घाबरू नका, लगेच स्कोअरवर लिहा, "इथे ओबो ऐक". तालमीत पूर्ण आवाजात गाऊ नका. मधल्या वेळात हलकं खा. चर्च थंड असतं, आत एक गरम कपडा घाला. फाइल छातीच्या उंचीवर, डोळे तिच्या वरून दिग्दर्शकाच्या हातावर. शेवटचा सूर संपला की हात खाली येईपर्यंत पान मिटायचं नाही.

१०. पुसणं

भाड्याचा स्कोअर परत देताना सगळ्या खुणा पुसून द्यायच्या असतात. बहुतेक लोक कार्यक्रमानंतरच्या चहाच्या टेबलावरच बसून पुसतात. मला तिथे जमण्यासारखं नव्हतं. सरगम, देवनागरी, नवे सा, ती भलीमोठी फुली. घरी आणला, दीड तास लागला, फुलीचा खळगा राहिलाच. तेव्हा पेन्सिल दाबून लिहू नका, आणि खोडरबर नवा घ्या.